हंसाबाई स्वतः सांगतात तेव्हा

आपल्या नगरकडच्या जत्रेत तमाशाचा फड बघितलाय ना? मग हंसा वाडकर तुम्हाला परक्या वाटणार नाहीत. खरं नाव रतन साळगावकर. घर चालवायचं म्हणून स्टुडिओत आल्या. 1936 चा ‘विजयाची लग्ने’, तेव्हा वय जेमतेम तेरा! पुढे प्रभातच्या ‘संत सखू’मध्ये संत, ‘लोकशाहीर रामजोशी’त तमासगिरीण. आणि 1959 चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदला 131 आठवडे चालला. अडीच वर्षं, एकच थिएटर. आता पिक्चर दुसऱ्या शुक्रवारी उतरतो.

पण मला जास्त भिडतं ते त्यांचं पुस्तक. 1970 साली त्याच नावाने आत्मचरित्र आलं, शब्दांकन अरुण साधूंचं. दारू, बिनसलेला संसार, घर सोडून दुसऱ्या पुरुषासोबत मराठवाड्यातल्या गावात काढलेली वर्षं, सगळं स्वतःच्या नावाने सांगितलंय. कुठे सफाई नाही, रडगाणं नाही. त्या काळात, बाईने!

1971 मध्ये त्या गेल्या. 1977 साली बेनेगलांनी त्यावरून ‘भूमिका’ केला, स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पिक्चर भारी आहेच. तरी आधी पुस्तक वाचा राव, तिथे हंसाबाई स्वतः बोलतात.