‘गॅस झालाय’चा अर्थ



इंदूरच्या सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस आणि वर गरम जिलबी खाऊन आलेला गृहस्थ पहाटे घामाघूम होऊन उठतो, छातीवर मूठ दाबतो आणि बायकोला सांगतो, ‘‘काही नाही गं, गॅस झालाय.’’ मग ओवा, सोडा, पाठीला शेक. तास-दीड तास असाच जातो.

हृदयरोगतज्ज्ञाचे काम या वाक्यापासून सुरू होते. छातीवरची ती मूठ पाठ्यपुस्तकांत अमेरिकन डॉक्टर सॅम्युएल लेव्हिन यांच्या नावाने नोंदलेली आहे. ‘दुखतंय’ असे रुग्ण क्वचितच म्हणतो. दडपण, जडपणा, आवळल्यासारखे, आणि इंदुरी मराठीत ‘घबराट’. मधुमेह असलेल्याला तर पुष्कळदा नुसता दम लागतो. मराठीत काळीज म्हणजे नेमके काय, हे खाटकाला आणि कवीला वेगवेगळे ठाऊक असते. डॉक्टरला दोघांचीही भाषा समजून घ्यावी लागते.

अर्थ लागला की घाई. रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघावा, असा दंडक आहे. हृदयाची रोहिणी (धमनी) रक्ताच्या गुठळीने पुरती बंद झाली असेल तर मनगटातून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, फुगा फुगवून वाट मोकळी करतात, स्टेंट बसवतात. ती सोय जवळ नसेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन. ओव्यात गेलेला तास कोणताही स्टेंट परत आणत नाही.

ही नळी आली कुठून? 1929 साली जर्मनीत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने वरिष्ठांची मनाई झुगारून स्वतःच्याच दंडाच्या शिरेत ती सरकवली आणि नळीसकट चालत जाऊन एक्स-रे काढला. 1956 साली त्याला नोबेल मिळाले. हृदयाच्या रोहिणीत फुगा फुगवण्याचे काम आंद्रेआस ग्रुंटसिग यांनी झुरिकमध्ये 16 सप्टेंबर 1977 रोजी केले, तेही जाग्या रुग्णावर.

पण बाह्यरुग्ण विभागातले रोजचे काम संथ असते. ‘‘रात्री उशाला किती उशा लागतात?’’ हा प्रश्न नातेवाइकांना विनोदी वाटतो. एकीच्या तीन झाल्या, पावलांवर सूज आली, तर हृदय थकले असण्याची शंका येते. चालताना पोटऱ्या भरून येतात आणि थांबले की बरे वाटते, याला घरचे ‘वय झालं’ म्हणतात. डॉक्टर घोट्यापाशी नाडी चाचपतो, कारण पायाच्या रोहिण्याही अरुंद होतात.

रक्तदाबाचे तर विचारूच नका. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोह्यांवर मूठभर शेव भुरभुरणाऱ्या गावात हे सांगायला धैर्य लागते! मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी 1969 साली रक्तदाबाच्या रुग्णांवरचा शवासनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. बऱ्याच जणांचा दाब उतरला, काहींच्या गोळ्याही कमी करता आल्या. मात्र दाब मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. शेजाऱ्याच्या सल्ल्याने गोळी सोडणाऱ्यांनी दात्यांचे नाव पुढे करू नये.

माझी एक छोटी विनंती आहे. पुढच्या तपासणीला जाताना गोळ्यांची सगळी पाकिटे पिशवीत घालून न्या. ‘ती छोटी पांढरी गोळी’ हे वर्णन औषधाच्या दुकानातल्या निम्म्या गोळ्यांना लागू पडते.