स्वागताध्यक्षीय भाषण

दीर्घकालीन आजारासह जगणाऱ्यांना समअनुभवी समुपदेशक म्हणून, म्हणजे तोच आजार असलेल्या दुसऱ्याचे ऐकून घेणारा प्रशिक्षित सोबती म्हणून, तयार करण्याच्या विचारार्थ ठाण्यात जमलेल्या सर्व प्रतिनिधींचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करीत आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी आगगाडी ज्या गावी येऊन थांबली, त्या गावाला पाहुण्यांची सवय तेव्हापासूनचीच म्हणावी लागेल. शेजारच्या कल्याणला प्राचीन बंदराचा वारसा आहे आणि १८६५ साली जन्मलेल्या, तेथे वाढलेल्या, १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवून पुढच्याच वर्षी क्षयाने गेलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या रूपाने वैद्य आणि रुग्ण एकाच देहात पाहिल्याचा अनुभवही आहे. पाडव्याची शोभायात्रा काढणाऱ्या डोंबिवलीचा उल्लेख शेवटी आला, याबद्दल समितीतील डोंबिवलीकरांनी रोष धरू नये.

तथापि ठाणे नगरीचा खरा अभिमान म्हणजे मराठी ग्रंथसंग्रहालय. मिठागरांचा व्यवसाय सांभाळणारे विनायक लक्ष्मण भावे यांनी वयाच्या बाविसाव्या वर्षी, १८९३ साली, केवळ मराठी ग्रंथ जमवावेत या हेतूने ते उभारण्यात पुढाकार घेतला, पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिले आणि जुन्या कवींची हस्तलिखिते वाळवीच्या तोंडून सोडवली. आज मात्र ठाणेकर त्यांचे नाव क्वचितच घेतात. या इतिहासाचा परिषदेच्या विषयाशी संबंध काय, ही शंका रास्त आहे. रुग्णांजवळचा अनुभवही पोथ्यांसारखाच घरोघरी पडून असतो, एवढेच त्यावर म्हणता येईल.

१९०१ पासून मनोरुग्णालय असलेल्या या शहरात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मानसिक आरोग्यासाठी आयपीएच ही संस्था सुरू केली, तर व्यसनातून बाहेर पडलेल्यांनी इतरांना हात देण्याची रीत पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून रुजवली. मात्र आजार भोगला म्हणून समुपदेशन आपोआप जमते, हा समज घातक ठरतो, कारण अप्रशिक्षित सहानुभूतीची गाडी ‘मला या गोळीने गुण आला’ या वळणावर हमखास जाते. औषधाचा सल्ला न देणे, आपली कहाणी समोरच्यावर न लादणे, गुप्तता पाळणे, आत्महत्येचा विचार कानी येताच तज्ज्ञाला कळवणे आणि स्वतःचा आजार बळावल्यास विनासंकोच रजा घेणे, ही या प्रशिक्षणाची मुख्य अंगे होत.

व्यवस्थेत उणिवा आहेत, हे समिती जाणून आहे. सभागृह पहिल्या मजल्यावर असून उद्वाहन लहान आहे, वाहनतळ नाही, स्टेशनबाहेर रिक्षाची रांग लांब असते आणि नोंदणीच्या पिशव्या अपुऱ्या पडल्या आहेत. या सर्वांबद्दल क्षमा असावी. नौपाड्यातील व्यापाऱ्यांनी देणग्या दिल्या, एका सराफांनी नाव न छापण्याच्या अटीवर दोन्ही दिवसांच्या भोजनाचा भार उचलला, शाळेने बाके दिली, महिला मंडळाने कालची रात्र भाजी निवडण्यात घालवली आणि औषधविक्रेत्यांनी इन्शुलिन ठेवण्यासाठी शीतपेटी दिली. या सर्वांची समिती ऋणी आहे. मधुमेही प्रतिनिधींची पंगत साडेबारालाच बसेल, इतरांची अध्यक्षीय भाषणानंतर.