अजानच्या अॅपला आपला पत्ता कशाला?

रमजानमध्ये अम्मीच्या फोनवर अजानचं एक अॅप टाकलं. उघडताच त्याने अचूक लोकेशन मागितलं, तेही २४ तास. अम्मीने ‘अलाऊ’ दाबलं. नमाजचं अॅप, त्याच्यावर कसला शक?

नोव्हेंबर २०२० मध्ये मदरबोर्डने बातमी दिली : मुस्लिम प्रो अॅपमधून वापरणाऱ्यांचं लोकेशन एक्स-मोड नावाच्या कंपनीकडे जात होतं आणि तिच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. बातमीनंतर अॅपने तो व्यवहार तोडला. यात हॅकिंग काहीच नव्हतं. अॅपवाला दुसऱ्या कंपनीचा तयार कोड आत बसवतो, त्याचे पैसे घेतो. परवानगी आपणच दिलेली असते. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे, म्हणून सांगतो.

आता हिशेब करा. पूर्व-पश्चिम पाच किलोमीटर सरकलात तर मगरिबची वेळ दहा-बारा सेकंदांनी हलते. किबला तीच राहते, पश्चिम, जरा उत्तरेकडे. म्हणजे शहराचं नाव हाताने टाकलं तरी भागतं. अँड्रॉइड १२ पासून नुसतं ‘अंदाजे’ लोकेशन द्यायचीही सोय आहे.

अम्मीच्या फोनवर मी लोकेशन बंद केलं, शहर टाकलं. ती म्हणाली, “बेटा, अजान होईल ना?”

झाली, वेळेवर.