ओआरएसचं पाकीट आणि आपला आवाज



नावात ‘ओआरएस’ असलेलं प्रत्येक पेय ओआरएस नसतं. जास्त साखरेनं जुलाब उलट वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष हे वर्षानुवर्षं व्हिडिओंतून सांगत राहिल्या, उच्च न्यायालयातही गेल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं अशा पेयांवर ते नाव छापायला मनाई केली.

पण आपल्या आईला दुकानात कोण समजावतं? वस्तीत पाकिटावरचं इंग्रजी वाचणारे अनेकदा तुम्हीच एकटे. भावकीच्या ग्रुपवर स्वतःच्या बोलीत सांगा: जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र छापलंय का बघा. लिटरचं पाकीट पूर्ण लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यातच घाला, घोटघोट पाजा. आशाताईंकडे ते फुकट मिळतं. मूल मलूल पडलं तर थेट दवाखाना. आणि नुसता व्हिडिओ फॉरवर्ड करू नका; आजी तो उघडणार नाही, नातवाचा आवाज मात्र दोनदा ऐकेल.