हिशेबाच्या फाइलीला कुलूप

वरवट बकालच्या आम्ही बचत गटाच्या बाया. वही एकीच्या हातात असली की दुसरी आपोआप थांबते. जोडलेल्या दोन संगणकांवर तसं नाही. एकच फाइल दोघींनी उघडली, एकीनं हप्ता लिहिला, दुसरीनं कर्ज, तर मागून साठवणारी पहिलीचा हप्ता पुसून टाकते. हप्ता भरूनही नावावर थकबाकी!

म्हणून कुलूप. लिब्रेऑफिसात फाइल उघडली की त्याच फोल्डरात एक छोटी लपलेली फाइल तयार होते, तिच्यात उघडणारीचं नाव. दुसरीला सूचना दिसते, फाइल वापरात आहे. तेव्हा नुसतं वाचायचं. सेटिंगमध्ये आपापलं नाव आधी भरा, नाहीतर कोणाला विचारणार?

आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही. संगणक मधेच बंद पडला तर कुलूप मागं राहतं. घाई करू नका. जिचं नाव दिसतं तिला फोन करा. तिची फाइल खरंच बंद असेल, तरच ती लपलेली फाइल काढा.

व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेल्या प्रतीला मात्र हे कुलूप लागत नाही. ती प्रत आम्ही वाचण्यापुरतीच ठेवतो, आकडे मूळ फाइलीतच भरतो.