आश्रित व्हिसा आणि न्यायाचा हक्क



अमेरिकेत घटस्फोट राज्याचे न्यायालय देते; देशात राहण्याचा परवाना मात्र केंद्र सरकारच्या हाती असतो. एच-१बी व्हिसावर गेलेल्या आपल्या मराठी अभियंत्याची पत्नी बहुधा एच-४ या आश्रित व्हिसावर राहते. घटस्फोटाचा हुकूमनामा होताच तिचा हा दर्जा संपतो. मूल तेथे जन्मलेले असेल तर ते तेथील नागरिक. मुलाचा ताबा मिळूनही आईवर मात्र देश सोडण्याची पाळी येते.

१९९४ च्या कायद्याने अत्याचारपीडित पत्नीस स्वतंत्र अर्जाची मुभा दिली. परंतु पती नागरिक वा कायम रहिवासी असेल तरच. २०१५ च्या नियमाने काही एच-४ पत्नींना नोकरीची परवानगी दिली, तीही पतीचे ग्रीन कार्डाचे प्रकरण पुढे सरकले असेल तर. जिला स्वतःची कमाई नाही, ती वकिलाची फी कोठून देणार? हद्दपारीच्या खटल्यात सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्कही तेथे नाही.

म्हणून अशा अशिलाच्या वकिलाने हुकूमनाम्यापूर्वीच स्थलांतर-कायद्याच्या जाणकाराचा सल्ला घेतला पाहिजे. परंतु केवळ वकिली कौशल्याने हा प्रश्न सुटणार नाही. निवासाचा आणि श्रमाचा हक्क पतीच्या नोकरीशी नव्हे, तर त्या स्त्रीशी जोडला गेला पाहिजे. आपली मागणी हीच असावी.