प्रत्येक फांदीची वेगळी चिठ्ठी

आपल्या वरूडात बागेचा सौदा ठरण्याआधी व्यापारी झाडांवरून नजर फिरवून फळांचा अंदाज घेतो. समजा अंदाज नको, एका झाडाची संत्री नेमकी मोजायची आहेत. नियम सोपा आहे: फांदीची बेरीज म्हणजे तिला थेट लागलेली फळं, अधिक तिच्या प्रत्येक उपफांदीची बेरीज. या नियमात तोच नियम पुन्हा येतो. याला रिकर्शन म्हणतात.

मोजणाऱ्याच्या हाती एक चिठ्ठी आहे. मोठ्या फांदीवर सात फळं मिळाली. आता पहिल्या उपफांदीकडे वळायचं. तो चिठ्ठीवर लिहितो, 'आतापर्यंत सात, परतल्यावर दुसऱ्या उपफांदीपासून', आणि तिच्यावर कोरी चिठ्ठी ठेवतो. उपफांदी संपली की वरची चिठ्ठी काढायची आणि तिची बेरीज खालच्या चिठ्ठीत मिळवायची. मग जिथे थांबलो होतो तिथून पुढे.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा इंटरप्रिटर हेच करतो. प्रत्येक चिठ्ठी म्हणजे फंक्शनच्या एका कॉलची फ्रेम, आणि चिठ्ठ्यांची चळत म्हणजे कॉल स्टॅक. फ्रेममध्ये त्या कॉलची स्वतःची चलं असतात, अर्धवट हिशेबातल्या किमती असतात, पुढची सूचना कोणती याची खूण असते आणि आपल्याला बोलावणाऱ्या फ्रेमचा पत्ता असतो.

रिकर्शन शिकणाऱ्या मुलांचा गोंधळ नेमका इथे होतो. फंक्शन एकच, त्यातलं 'एकूण' हे नावही एकच, मग आकडे एकमेकांत मिसळत कसे नाहीत? कारण नाव एक असलं तरी 'एकूण' प्रत्येक चिठ्ठीवर वेगळं लिहिलेलं असतं. जुन्या फोर्ट्रान भाषेत उपकार्यक्रमाच्या चलांना एकच ठरलेली जागा असे. तिथे दुसरा हिशेब पहिल्यावरच लिहिला गेला असता. स्टॅक वापरून ही अडचण कशी सुटते, ते संगणकशास्त्रज्ञ डाइकस्ट्रा यांनी १९६० साली एका निबंधात मांडलं. मला तो विचार आजही फार देखणा वाटतो.

आणखी एक गोष्ट. झाडाला दोनशे फांद्या असोत, फांदीतून फांदी अशी खोली पाचच असेल तर एका वेळी पाचापेक्षा जास्त चिठ्ठ्या कधीच लागत नाहीत. पण कुठे थांबायचं हेच लिहायचं राहिलं, तर चळत वाढतच जाते. पायथन साधारण हजार फ्रेमवर हात वर करतो आणि रिकर्शनची चूक दाखवतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायथनच्या ३.११ या आवृत्तीने या चिठ्ठ्या स्वस्त केल्या. आधी प्रत्येक कॉलला पूर्ण फ्रेम-वस्तू तयार व्हायची. आता सलग जागेत आटोपशीर नोंद होते, आणि ती पूर्ण वस्तू कोणी मागितली तरच घडवली जाते, एरवी नाही.

अशी मागणी बहुधा चूक झाली की होते. तेव्हा पडद्यावर जी लांब यादी उमटते, तिला घाबरू नका. तिची शेवटची ओळ आधी वाचा, तिथे काय चुकलं ते असतं. मग एकेक ओळ वर सरका. सगळ्यात वरच्या चिठ्ठीपासून तळाच्या चिठ्ठीपर्यंत, कोणत्या फांदीवरून कोणत्या फांदीवर गेलो होतो, ते सगळं तिथे लिहिलेलं असतं.